विहीणबाईंची ‘आली’

माझी नणंद उल्का सव्वीस वर्षं जर्मनीत, कायझर्सलाउटर्नमध्ये राहतेय. तिच्या स्वयंपाकाला कुणी नाव ठेवलं, तर ती ते मरेपर्यंत विसरायची नाही. मला हा स्वभाव आवडतो. उठसूट क्षमा करणाऱ्या माणसांचा मला कंटाळा येतो.

तिच्या मुलाने, देवने, फिलिपिन्सच्या मारिसेलशी लग्न केलं. सासू-सुना आपसात जर्मन बोलतात. मार्चमध्ये मारिसेलची आई तीन महिन्यांसाठी आली. विहीणबाई लेकीशी त्यांच्या गावाकडची कापांपांगान भाषा बोलायच्या. उल्का दर रविवारी सगळ्यांना जेवायला बोलवायची. पहिला घास घेतला की विहीणबाई लेकीकडे बघून हसत म्हणायच्या, “आली या मान्यामान.” उल्काने त्यातलं ‘आली’ आणि ‘मान्य’ उचललं. चव आली, मान्य आहे! मग ती खुशीत त्यांच्या पानात आणखी एक भरलं वांगं वाढायची. मारिसेल बिचारी खाली मान घालून जेवायची.

एवढं कौतुक होतंय तर आपणही चार शब्द शिकावेत, असं उल्काच्या मनात आलं. मारिसेल हरखून वही घेऊन बसली. दानुम म्हणजे पाणी, बाले म्हणजे घर, नासी म्हणजे भात, मान्यामान म्हणजे चविष्ट. वा म्हणजे हो. आणि आली म्हणजे नाही.

उल्काने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. नंतर मला फोन लावून मात्र ती कडाडली. “नऊ रविवार, वहिनी! ती दात काढून मला नापास करत होती आणि मी वर तूप वाढत होते.”

शिकणं तिने सोडलं नाही, उलट दुप्पट केलं. तिला विहीणबाईंचं वाक्य त्यांच्याच सुरात, त्यांच्याच पानावर परत करायचं होतं. सुनेला वाटलं, सासूला आपल्या भाषेची गोडी लागली. निरोपाचं जेवण देवच्या घरी ठरलं, तेव्हा उल्काने मला मुद्दाम साक्षीला नेलं. मीही दोन तासांची गाडी पकडून उड्या मारतच गेले.

विहीणबाईंनी स्वतः ब्रिंगे वाढला, नारळाच्या दुधातला हळदीचा पिवळा भात. उल्काने घास घेतला, सावकाश चावला, त्यांच्याकडे बघून गोड हसली आणि म्हणाली, “आली या मान्यामान.”

मी विहीणबाईंचा चेहरा पडायची वाट बघत होते. त्यांनी एक घास खाल्ला, विचार केला आणि शांतपणे मान डोलावली. “वा.”

मारिसेल मात्र लालबुंद झाली. तिने सासूच्या पुढचं ताट उचललं.

“आई, हा भात मी केला. तुमच्यासाठी.”

हे ती मराठीत म्हणाली. देवकडून ती गुपचूप शिकत होती, आणि सासूशी मराठीत बोललेलं हे तिचं पहिलं वाक्य.