शटर अर्धं खाली

अंजूरच्या गोदामात माझं काम वेळ मोजण्याचं. ट्रक डॉकला लागल्यापासून रिकामा होईपर्यंत सरासरी किती वेळ गेला, त्याचा रोज एक ठिपका मी चार्टवर देतो. वर एक रेघ, खाली एक रेघ. ठिपके मधल्या मध्ये कमीजास्त होत राहिले तर कुणाला जाब विचारायचा नसतो. ते साप समजून भुई धोपटणं. ठिपका रेघेबाहेर गेला तरच कारण शोधायचं. हे मी हेड ऑफिसला दर महिन्याला समजावतो. पालथ्या घड्यावर पाणी. ते प्रत्येक ठिपक्यासाठी फोन करतात.

यंदा एक ठिपका खरंच वरच्या रेघेबाहेर गेला.

डॉक सांभाळणाऱ्या ताई गावातल्याच. स्मशानाची वाट आमच्या गेटासमोरून जाते. तिरडी निघाली की ताई शटर अर्धं खाली ओढतात आणि हमाल हात थांबवून उभे राहतात. एरवी हे पाच-दहा मिनिटांत आटोपतं. त्या दिवशी गावातले एक म्हातारे गेले होते; त्यांच्याच भातशेतावर हे गोदाम उभं आहे. खांदेकरी बदलायला तिरडी टेकवतात तो विसावाही गेटासमोरच. म्हाताऱ्यांना तिथे बराच वेळ ठेवलं. शेत त्यांचंच होतं, घाई कोण करणार?

हेड ऑफिसने व्हिडिओ कॉल लावला. हे पुन्हा होणार नाही याची हमी द्या, नाहीतर डॉक दुसऱ्याकडे द्या, असं म्हणाले. ताईंच्या घरात येणारा पगार तेवढा एकच. मला भयंकर राग आला, पण ताई शांतपणे पुढे झाल्या.

"सायेब, मानूस एकदाच मरतो. पुन्ना न्हाय होनार."

पलीकडे कुणीतरी ते लिहून घेतलं. विषय मिटला.

त्यानंतर गावात आणखी दोन मयती झाल्या. दोन्ही वेळा शटर अर्धं खाली आलं. ठिपके मात्र एरवीसारखे जरासुद्धा वर सरकले नाहीत. पहिल्याच वेळी मला नवल वाटलं, म्हणून दुसऱ्या वेळी तिरडी पुढे गेल्यावर डॉकवर जाऊन पाहिलं. चहाची किटली भरलेलीच होती आणि डबे अर्धे खाऊन झाकले होते. हमाल ट्रकला भिडलेले. मी कारण विचारलं, तेव्हा त्यातला एक पोतं न उतरवताच म्हणाला, "ताई पे बात नहीं आनी चाहिए."

महिनाअखेरीला काम स्थिर राखल्याबद्दल हेड ऑफिसचा अभिनंदनाचा मेल आला. तो मी डॉकवर वाचून दाखवला नाही.