डाव्या बटणावरची पट्टी

आधी मामांचं सांगतो, मग जे घडलं ते. मामा माझ्या नात्यातले कुणी नाहीत. आमच्या प्रेस शॉपचे ते लाईन लीडर. सगळी लाईन त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. ते अजिंठ्याकडच्या मेंढपाळ घरातले, मी किनवटकडचा, नववीत शाळा सोडलेला. या शहरात आलो तेव्हा ओळखीचं एक माणूस नव्हतं. मामांनी मुकुंदवाडीत खोली बघून दिली, घरमालकाला माझ्यासाठी शब्द दिला आणि पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या मशीनवर, म्हणजे पॉवर प्रेसवर, शेजारी उभं राहून काम शिकवलं. आज बायको आणि दोन लेकरं माझ्याजवळ आहेत, लेकरं इथल्या शाळेत जातात. हे सगळं त्या माणसामुळं.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच ती खाली येते. हात बाहेर राहावेत म्हणून ही सोय. पण आमची मशीनं जुनी. डाव्या बटणावर चिकटपट्टी आवळून मारली की ते दाबलेलंच राहतं, मग उजव्या हातानं प्रेस चालवायची आणि मोकळ्या डाव्या हातानं पुढचा पत्रा सरकवायचा. काम झपाट्यानं होतं. काही जण असं करतात हे मला माहीत होतं. साहेबांनाही माहीत असणार, पण माल वेळेवर गेला की कुणी खाली वाकून बघत नाही.

मामा रोज सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी हातात चहाचा कप घेऊन लाईनवरून एक चक्कर मारायचे. दुसरा हात प्रत्येक मशीनवरून फिरवत जायचे. पोरं चेष्टा करायची, "मामा, मशीनला गोंजारता व्हय?"

"मग? तुमच्यापेक्षा गुणाची हायत. उलटून बोलत नायत."

मलाही ती त्यांची सवयच वाटायची.

एका शनिवारी कंपनीनं बाहेरून एक सर बोलावले. लीडर लोकांना शिकवायला. मला दुसऱ्या लाईनचा लीडर करायचं चाललं होतं, म्हणून मलाही कॅन्टीनमध्ये बसवलं. सरांनी पडद्यावर दाखवलं: हुकूम सोडणारा नेता, सगळ्यांना विचारून चालणारा नेता, माणसांना मोकळं सोडणारा नेता. कोणत्या वेळी कोण चालतो तेही सांगितलं, नेत्याच्या गुणांची यादीही दिली. चांगलं सांगत होते, मी सगळं उतरवून घेत होतो. लिहिण्यात मागं पडतोय का, याचीच धास्ती जास्त. मग ते म्हणाले, नेता नेहमी सगळ्यांच्या पुढं चालतो.

मामा मागच्या बाकावरून म्हणाले, "सर, आमच्यात मेंढरामागं चालतात. पुढं गेलं तर लंगडं कोणतं राहिलं ते दिसत नाय."

"म्हणजे मामा, आम्ही मेंढरं?" शेजारचा म्हणाला.

"मेंढरं बरी. हाकेला थांबतात."

सर हसले आणि पुढचं पान दाखवलं.

पुढच्याच आठवड्यात मामा पुतणीच्या लग्नाला तीन दिवस गावी गेले. जाताना लाईन माझ्यावर सोपवली. प्रेसचा कोणता डाय, म्हणजे साचा, कधी बदलायचा, कुणाची पाठ दुखते, कुणाला दुपारी लवकर सोडायचं, सगळं बारीक सांगितलं. सकाळच्या चकरेचं काही बोलले नाहीत.

पहिल्या दिवशी माल कमी पडला. साहेब केबिनच्या काचेतून नुसते बघत होते, तेवढ्यानंच मी झालेला माल पुन्हा पुन्हा मोजू लागलो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तीच गत. तीन नंबरच्या प्रेसवर शहरातल्याच गुलमंडीकडचा एक जण होता, हाताचा लई चलाख. तो म्हणाला, "क्या लीडर, इत्ता मुँह काय कू लटकाए? पट्टी मारूँ क्या? शाम तक पूरा कर देतूँ."

मला कुणी पहिल्यांदाच लीडर म्हणालं होतं. मी इकडं तिकडं बघितलं आणि म्हणालो, "मार. पण सांभाळून."

त्या दिवशी माल पुरा झाला. साहेबांनी अंगठा दाखवला. पट्टी तशीच राहिली, कारण ती काढायची असते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली. तो हात धरून खाली बसला आणि माझ्याकडं बघत राहिला.

मामा गावाहून परतले, ते थेट चौकशीलाच. केबिनमध्ये साहेब, सेफ्टीवाले, मामा आणि मी. साहेबांनी विचारलं, "पट्टी कुणाच्या परवानगीनं मारली?"

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. ते बाहेर येईना. नोकरी गेली तर खोली जाईल, लेकरांची शाळा अर्ध्यात सुटेल, माझी सुटली तशी, एवढंच डोक्यात फिरत होतं.

"लाईन माझी हाय," मामा म्हणाले.

"तुम्ही रजेवर होता."

"पट्टी मी रोज सकाळी काढत होतो, सायेब. कैक वर्षं झाली. कुणाचं नाव वर जाऊ नये म्हणून बोलत नव्हतो. ह्यालाबी सांगून गेलो नाय. चूक माझी. लिवा तसं."

मला तेव्हा कळलं, ती चक्कर कशासाठी होती. साहेबांनी लिहिलं: लाईन लीडरचा निष्काळजीपणा. मामांनी खाली सही केली. मग साहेबांनी मला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

मी म्हणालो, "नाही, साहेब."

बाहेर पायऱ्यांवर मी मामांचा हात धरला. "मी आत जाऊन खरं सांगतो."

"गप बस. तुला काढलं तर तू कुठं जाशील? मला रान हाय, चार मेंढरं हायत." दोन पायऱ्या उतरून ते म्हणाले, "पण त्याच्या घरी जाऊन ये. ते मी तुझ्यासाठी करणार नाय."

मी गेलो. तो भावाच्या कापडाच्या दुकानामागं राहतो. हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला. म्हणाला, "मैं मारा ना पट्टी, तुम थोड़ी मारे." त्याची आई दारात उभी होती. तिनं विचारलं, "उस दिन आप ही थे क्या लाईन पे?"

"हां, अम्मा."

ती आत गेली ती परत बाहेर आली नाही. मी थोडा वेळ बसून उठलो.

मामांची लीडरकी काढली. महिनाभरानं त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला, ते गावी परतले. त्यांच्या जागी मला बसवलं. सगळ्यात वाईट हेच वाटतं.

मामांचं सगळंच बरोबर होतं असं मला वाटत नाही. ते पट्ट्या गुपचूप काढत राहिले. एकदा मोठ्यानं बोलले असते, साहेबांशी भांडले असते, तर एखाद्याला घरी बसावं लागलं असतं, पण ती दोन बोटं कदाचित राहिली असती. सरांच्या यादीत स्पष्ट बोलणं हा गुण होता. जबाबदारी घेणं हाही होता. मामांकडं दुसरा होता, पहिला नव्हता. माझ्याकडं त्या दिवशी दोन्ही नव्हते. आता मी पट्टीबद्दल रोज सगळ्यांसमोर बोलतो. माल कमी पडतो, साहेब बोलावतात, तरी बोलतो. त्यानं त्या माणसाचा हात भरून येत नाही आणि मामांची नोकरीही परत येत नाही.

अजून अजिंठ्याकडं गेलेलो नाही. फोन केला की मामा पावसापाण्याचं बोलतात, लेकरांचं विचारतात आणि ठेवून देतात. थोरली यंदा नववीत आहे. ती दहावी पार झाली की मी केबिनमध्ये जाईन, चौकशीचा तो कागद बाहेर काढायला लावीन, मामांच्या नावावर काट मारून तिथं माझं नाव घालायला लावीन. मग नोकरी राहो की जावो. मामा, तेवढं मी फेडीन.