नातवाच्या हातचा कठडा

मेडशीच्या शिवारात देवमन मिस्त्रीची भिंत कोणीही ओळखे. सांध बारीक, ओळ सरळ. गुडघे गेले तेव्हा त्याने थापी खाली ठेवली, पण दुसऱ्याचं वाकडं काम दिसलं की हात अजून शिवशिवत.

त्याचा सोळा वर्षांचा नातू संघदीप. कस्तुराबाईंच्या शेतात उभा असलेला ट्रॅक्टर त्याने मित्रांपुढे मिरवायला चालू केला आणि मागे घेताना विहिरीचा कठडा पाडला. पाडला आणि कोणाला न सांगता पळाला. रात्री कस्तुराबाईंची कालवड त्या खिंडारातून विहिरीत पडून मेली.

प्रकरण वाशीमला बाल न्याय मंडळापुढे गेलं. तिथल्या मॅडमने दोघांना समोरासमोर बसवलं. कस्तुराबाई म्हणाल्या, "रातभर कालवडीची माय हंबरत होती. मले वाटलं, उगीच हंबरते." संघदीपची मान वर झाली नाही. देवमनचीही नाही.

ठरलं असं: पोराने आपल्या हाताने कठडा बांधायचा. कस्तुराबाईंचं समाधान झालं तर प्रकरण तिथेच मिटवायचं. देवमनने तोंडाने शिकवायचं, हात लावायचा नाही.

पोरगं मेहनत करी, पण हात कच्चा. थर फुगला, सिमेंटचा माल ओघळला. वाटेने जाणारा फुलचंद हसला, "काय हो मिस्त्री, नातवानं भिंत बांधली का भाकर थापली?"

देवमनला ते झोंबलं. दुपारी संघदीप जेवायला गेला तसे त्याने वरचे थर उकलले, ओळंबा सोडला, एकेक दगड फिरवून फिरवून बसवला. गुडघे ठणकत होते. काम मात्र बघत राहावं असं झालं.

मागे कस्तुराबाई उभ्या होत्या. कधीच्या, कोण जाणे.

"मिस्त्री, कालवड तुमी मारली का?"

"नाई बाई. पण पोराचं काम..."

"वाकडं होतं. मले दिसत होतं. दगड उचलता उचलता तो रडून राह्यला होता, तेबी दिसत होतं. तुमी कायले मिटवलं ते?"

पोराला मदत करतो, असं देवमन स्वतःला सांगत होता. खरं तर जिची कालवड गेली तिच्याच विहिरीवर बसून तो आपलं नाव सावरत होता.

संघदीप परतला. सरळ थर पाहून त्याचा चेहरा उतरला. "आबा, तुमालेच बांधाचं होतं तं मले कायले आणलं?"

"चुकलं माह्यं," देवमन म्हणाला. "माल ओला हाये तोवर काढतो."

आपल्या हातचं चांगलं काम त्याने कधी उकललं नव्हतं. ते आता त्या दोघांच्या देखत उकललं. दगड पुसून पोरापुढे ठेवले आणि तो लांब धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन बसला.

संघदीपने पहिला दगड ठेवला, दाबला. "आबा, हा हालून राह्यला का?"

"मले नोको विचारू," देवमन खाली बघत म्हणाला. "बाईले विचार."

संघदीप घुटमळला. मंडळापुढे बसल्यापासून तो कस्तुराबाईंशी एक शब्द बोलला नव्हता. "आजी... पाहता का जरा?"

कस्तुराबाईंनी दगडावर दोन्ही हात ठेवून जोर दिला. दगड हालला.

"काढ," त्या म्हणाल्या. "खाली बारक्या दगडाची चीप घाल. मी इथंच हाये."