बुधवारचे सत्तारभाई

सत्तारभाई रुग्णाला कॅमेऱ्यासमोर कधी सरळ बसवत नसत. खुर्ची तिरपी करत, स्वतः समोर स्टूल टाकून बसत, आणि आम्हाला पडद्यावर रुग्णाचा एक कान आणि अर्धा गाल तेवढा दिसे. मी अमरावतीला एका रुग्णालयात परिचारिका. दर बुधवारी अकरा ते एक, दोन तासांच्या अंतरावरच्या एका तुरुंगातले रुग्ण पडद्यावरून डॉक्टरांना दाखवायचे काम माझ्याकडे होते. नाव, वय, रक्तदाब, त्रास, सल्ला असा छापील तक्ता असे; त्यातली नावे मी आदल्या दिवशीच भरून ठेवायची. पहिल्याच बुधवारी मी ओरडले, "अहो, पेशंटचं तोंड इकडे करा!"

"करतो ना सिस्टर," पलीकडून शांत आवाज आला. "पन मंग थो बोलनार नाई. पाहा तुमी."

त्यांनी खुर्ची वळवली. इतका वेळ पोट धरून कण्हणारा माणूस ताडकन उभा राहिला, हात जोडून म्हणाला, "काही तरास नाई साहेब. कोनी मारलं नाई. जेवन भेटते."

कारण साधे होते. बाकीच्या वेळी त्याच खोलीत, त्याच पडद्यावर कोर्टाच्या तारखा चालत. समोर पडदा आणि पाठीशी शिपाई असला की काय बोलायचे, हे प्रत्येक कैद्याला पाठ होते. डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाने त्यात काही फरक पडत नव्हता. म्हणून सत्तारभाई रुग्णाला स्वतःकडे वळवून बोलते करत आणि डॉक्टरांनी नुसते ऐकायचे. काही डॉक्टरांना हा अपमान वाटे.

सत्तारभाई तिथले औषधनिर्माते, पण सगळे त्यांना कंपाउंडरच म्हणत. बाळापूरहून रोज एसटीने येत. फाटकावर झडती देताना झडती घेणाऱ्या शिपायाचीच नाडी पाहत, असे ते सांगत. "लेका, बीपी वाढला तुया. आत येऊन पडशीन एक दिवस, मंग तुले कोन हुडकन?" निवृत्तीला वर्षभर उरले होते.

त्या दोन तासांतले आमच्या हाती किती लागे, ते विचारू नका. कधी तिकडे वीज नसे, कधी कोर्टाची तारीख लांबे. इकडे फवारणीचे दिवस आले की विषबाधेचे रुग्ण रांगेने यायचे आणि डॉक्टर अर्ध्या वाक्यावर उठून पळायचे. मी पडद्याकडे पाहून "दोन मिनिटं हं" म्हणायची. "बसलो ना सिस्टर. इथून कोन कुठं जाते?" सत्तारभाई म्हणायचे.

अशात नामदेव आला. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात आत आलेला पन्नाशीचा माणूस, खटला अजून उभा राहायचा होता. मधुमेह, आणि डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम. डॉक्टरांनी पडद्यावर पांढरीशुभ्र पट्टी पाहिली. म्हणाले, "ड्रेसिंग चालू ठेवा."

"साहेब, वास येऊन राहिला," सत्तारभाई म्हणाले. "तुमच्या कॅमेऱ्याले येत नाई, मले येते. याले तिकडे बोलवा."

"बरं, सोय झाली की पाठवा."

पाठवायचे म्हणजे पोलीस बंदोबस्त हवा. त्या आठवड्यात कापसाच्या भावासाठी जागोजागी रास्ता रोको चालले होते, सगळे पोलीस रस्त्यावर. दुसऱ्या बुधवारी सत्तारभाईंनी पुन्हा सांगितले, तर बंदोबस्त एका मंत्र्याच्या दौऱ्याला गेलेला. तिसऱ्या बुधवारी डॉक्टर वेगळे होते; सत्तारभाईंनी त्यांनाही वासाचे सांगितले, त्यांनी पुन्हा "ड्रेसिंग चालू ठेवा" सांगितले आणि चित्र गोठले. मी तक्त्यात लिहिले: सल्ला दिला, ड्रेसिंग चालू ठेवा.

त्याच शुक्रवारी नामदेवची कोर्टाची तारीख होती. त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर तो बसला, आणि न्यायाधीश बोलायच्या आत त्याने उघडा पाय टेबलावर ठेवला. न्यायाधीशांनी तिथल्या तिथे आदेश दिला. दीड तासात गाडी आली, चार पोलीस आले. आम्हाला तीन आठवड्यांत जे जमले नव्हते, ते कोर्टाने जेवणाच्या सुट्टीआधी करून टाकले.

संध्याकाळी आमच्या वॉर्डात मी त्या पायावरचे कापड काढले आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईने पदर नाकाला लावला. पहिल्या बुधवारचे डॉक्टरच कर्तव्यावर होते. "इतके दिवस काय करत होतात?" त्यांनी पोलिसाला विचारले. पोलीस माझ्याकडे पाहू लागला. मी जखम धुवायला घेतली. अर्धे पाऊल काढावे लागले. गुडघा वाचला.

कोर्टासमोर तुरुंगाची नालस्ती केली म्हणून सत्तारभाईंना नोटीस मिळाली. फोनवर म्हणाले, "म्यां फकस्त पट्टी सोडली, सिस्टर. दुखनं होतं, दाखवलं. आता तुमी लेहून द्या, का मी तीनदा सांगितलं होतं म्हनून."

मी तक्ते काढले. एकही पान गहाळ नव्हते, तारीखवार लावलेले होते. त्यांत डॉक्टरांचे प्रत्येक वाक्य होते. सत्तारभाईंचे एकही नव्हते. कंपाउंडर काय म्हणतो, याला माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता. मी आठवणीतून दोन पाने लिहून पाठवली. उत्तर आले: मूळ नोंद नसल्याने विचारात घेता येत नाही.

निवृत्तीला चार महिने उरले असताना त्यांची बदली दूर, दुसऱ्या टोकाला झाली. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी फोन केला. मी माफी मागायला लागले, तर माझे बोलणे मध्येच तोडून म्हणाले, "काहून रडता? थो नामदेव कुबडीवर कसा चालते ते सांगा. चप्पल दिली का त्याले बरोबर? दुसऱ्या पायाले जपा म्हना, आता थोच हाय त्याचा."

तक्त्यात रकाना वाढवावा म्हणून मी अर्ज केला. नमुना वरून ठरतो, असे कळवले. तेव्हापासून दर बुधवारी मी फूटपट्टी घेऊन तो रकाना हाताने आखते. पलीकडे नवीन तरुण औषधनिर्माता बसतो, हुशार आहे. प्रत्येक रुग्णाच्या वेळी मी विचारते, "तुम्हाला काय वाटतं?"

तो मागे उभ्या शिपायाकडे पाहतो. "डॉक्टर सांगतील ते, मॅडम."

मी पेन उघडे धरून थांबते. डॉक्टर म्हणतात, "पुढचा घ्या."