डाव्या गालावरचा डाग

माझं काम कंटाळवाणं आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी उगाच भारावून जायला नको. अमेरिकेतल्या श्रूजबरीपासून वीस मिनिटांवर एक लहानसं म्युझियम आहे. त्याच्या तळघरात मी दिवसभर काचेच्या निगेटिव्ह स्कॅन करते. फिल्म यायच्या आधी फोटो काचेवर काढत, त्या काचा. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी इकडचा कोणी फोटोग्राफर साउथ डकोटातल्या रिझर्व्हेशनवर, म्हणजे मूळ रहिवाशांसाठी राखलेल्या जमिनीवर गेला, तिथल्या लाकोटा जमातीच्या लोकांना एका मळक्या पडद्यासमोर बसवून त्यांचे फोटो काढून घेऊन आला, आणि काचा इथे पडून राहिल्या. आता त्या त्यांच्या लोकांकडे परत जायच्या आहेत. त्याआधी सगळं स्कॅन करून ठेवायचं, तेही माझ्या कंबरेच्या जिवावर.

प्रत्येक काच एका कागदी पाकिटात, आणि पाकिटावर त्या फोटोग्राफरच्या अक्षरात दोन शब्द. ‘पुरुष, ब्लँकेटसह’. ‘दोन मुली’. नाव एकाचंही नाही. मला नवल वाटलं नाही. आमच्या लोकांचेही फोटो गोऱ्या साहेबांनी असेच काढले आणि खाली नावाऐवजी जात लिहिली. नागपूरला कॉलेजात असताना लायब्ररीत तसलं एक पुस्तक हाती आलं होतं. तेव्हा इतकी चिडले की पुस्तक टेबलावर उघडंच टाकून निघून आले. आता चिडायचं म्हटलं तरी दमायला होतं.

मागच्या हिवाळ्यात रिझर्व्हेशनवरून एक बाई आल्या. सत्तरी उलटलेली, पायात बर्फातले बूट, दोन दिवस बसमध्ये बसून आलेल्या. तूही इंडियन, काचेवरचे लोकही इंडियन, हा जोक इथे प्रत्येकजण मला ऐकवतो. त्यांनी नाही ऐकवला. मला त्या तिथेच आवडल्या. त्या आपल्या आजीला शोधत होत्या. घरात आजीचा एकही फोटो नाही, आणि आजी गेली तेव्हा त्या पाळण्यात, त्यामुळे चेहरा माहीत नाही. माहीत एवढंच की आजीच्या गालावर भाजल्याचा मोठा डाग होता. चेहरा आठवणारी एकच व्यक्ती उरली होती, त्यांची थोरली बहीण. ती नव्वदीला टेकलेली, नर्सिंग होममध्ये, आणि डॉक्टरांनी फार दिवस नाहीत म्हणून सांगितलेलं.

“ताई आहे तोवर सापडली तर सापडली,” बाई म्हणाल्या. “नंतर सापडून उपयोग काय? ओळखणार कोण?”

तिसऱ्या दिवशी सापडली. पाकिटावर लिहिलं होतं, ‘बाई, गालावर डाग’. मेल्याला तेवढंच दिसलं! खुर्चीत ताठ बसलेली, हात मांडीवर, नजर थेट कॅमेऱ्यात, जणू ‘झालं का तुझं?’ असं विचारतेय. मी मोठी प्रिंट काढून दिली. बाईंनी ती स्वेटरच्या आत, छातीशी धरून नेली. मी मना करणार होते, कागद चुरगळेल म्हणून. नाही केलं.

आठवड्याने फोन आला. “ती नाही,” बाई म्हणाल्या. “ताई म्हणते, आजीचा डाग डाव्या गालावर होता. ताई लहानपणी आजीशेजारी त्याच बाजूला झोपायची. अंधारात हात लावून बघायची, आजी आहे ना म्हणून. ह्या बाईचा डाग उजवीकडे आहे.” मग म्हणाल्या, “ताई रडली. म्हणाली, कोणालाही आजी म्हणून माझ्यासमोर आणू नका.”

मी म्हटलं, अजून नऊ खोकी बाकी आहेत, शोधते. शोधतही राहिले. जेवणाच्या सुट्टीत, पाच वाजून गेल्यावरही. डाव्या गालावर डाग असलेली बाई काही मिळेना. त्या दिवसांत एकदा आईला फोनवर सहज विचारलं, आपल्या आजीचं गोंदण कुठल्या हातावर होतं गं?

“काऊन वं?” आई म्हणाली. “उजव्या... नाही, थांब. मले नाही आठवत बाप्पा. तवा काय फोटो काढत होतं का कोणी आपले?”

आई आयुष्यभर नागपुरात शिवणकाम करत होती. माझं बालपण काजं-बटणांत गेलं. पुरुषाच्या शर्टाची डावी पट्टी वर, बायकांच्या कपड्याला उजवी, हे मी अक्षर ओळखायच्या आधी शिकले. एका दुपारी मी आधीच झालेल्या खोक्यातले फोटो पुन्हा चाळत होते. एका फोटोत चार पुरुष उभे, सरकारने दिलेले एकसारखे कोट घातलेले. आणि चारही कोटांची उजवी पट्टी वर. मी म्हटलं, अगं बाई, ह्यांना काय बायकांचे कोट दिले की काय! हसायलाच आलं. आणि हसता हसताच मी खोक्याचा नंबर पाहिला.

स्कॅन करायला काच खालून उजेड असलेल्या लाइट टेबलवर ठेवताना चित्राचा थर वरच्या बाजूला, वर लावलेल्या कॅमेऱ्याकडे ठेवतात, तो घासला जाऊ नये म्हणून. पण मग चित्र आरशातल्यासारखं येतं, डावं ते उजवं. ते कॉम्प्युटरवर फ्लिप करायचं असतं. एका क्लिकचं काम. पहिल्याच दिवशी शिकवतात. त्या खोक्याच्या वेळी मला ताप होता, की लेकीशी भांडण झालं होतं, की नुसताच कंटाळा, आता काय सांगू. पूर्ण खोकं मी फ्लिप न करताच पुढे पाठवलं होतं. ‘बाई, गालावर डाग’ त्याच खोक्यात होती.

मी क्लिक केलं. डाग डाव्या गालावर गेला.

मला माझीच लाज वाटली, तरी सुपरवायझरकडे गेले. तो भला माणूस आहे. म्हणाला, गुपचूप फाइल्स दुरुस्त कर, कोणाला काही सांगायची गरज नाही. मी हो म्हटलं आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून बाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. तुमची ताई बरोबर होती, आणि फोटोतली बाईही बरोबर होती, चूक माझी. सॉरी किती वेळा म्हटलं ते मोजलं नाही. “नवी प्रिंट आजच पाठवते,” मी म्हटलं.

“किती दिवस लागतील?”

“तीन-चार. तुमच्या साध्या फोनवर तर फोटो येत नाही.”

मग बाई म्हणाल्या, “ताईने कालपासून पाणीही घ्यायचं सोडलंय.”

आणि मग एकदम सुचलं. “ती जुनी प्रिंट आहे का हो? फाडली तर नाही ना?”

“आजी नसली तरी कोणाची तरी आजी असेल,” बाई म्हणाल्या. “फाडेन कशी?”

“मग ती आरशासमोर धरा. ताईंना आरशात दाखवा.”

संध्याकाळी फोन आला तेव्हा मी सिंकपाशी भांडी घासत होते. ओल्या हातानेच उचलला. बाई सावकाश बोलत होत्या, खूप दमलेल्या. नर्सचा हातातला आरसा मागून घेतला, म्हणाल्या. एका हातात आरसा, दुसऱ्या हातात फोटो, नर्सने धरायला मदत केली. ताईने बराच वेळ पाहिलं.

“मग? काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“काही नाही. बोलायची ताकदच नाही तिच्यात,” बाई म्हणाल्या. “पण पलंगावर सरकली. स्वतःहून, भिंतीकडे. आणि शेजारी एका माणसाची जागा केली.”