मोड बदलला आणि पोवाडा सलग झाला

हेडफोनमध्ये आप्पांचा आवाज खणखणीत येत होता, आणि मधेच तुटला. परत घेतलं, परत तुटला. स्टुडिओचे मालक सलीमभाई माझ्याकडे बघत राहिले. कॉम्प्युटर दुरुस्तीला मला त्यांनीच कोल्हापुरातून बोलावलं होतं.

आप्पा म्हणजे पन्हाळ्याकडचे म्हातारे शाहीर. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. नंतर आवाज राहील की नाही, डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.

एसएसडी, म्हणजे आवाज साठवणारी वेगवान ड्राइव्ह, नवी होती, तरी सगळ्या माइकचा आवाज एकदम साठवताना अडखळत होती. मी बायोस, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीची सेटिंग, उघडली. ड्राइव्हचा मोड आयडीई. मोड म्हणजे मशीनची ड्राइव्हशी बोलायची पद्धत. ही जुनी, एका वेळी एकच काम देणारी. एएचसीआय मोडमध्ये ड्राइव्ह अनेक कामं एकदम घेते.

"मग बदला की, ताई," सलीमभाई म्हणाले.

नुसता मोड बदलला तर विंडोज नव्या मोडचा ड्रायव्हर, म्हणजे ड्राइव्ह चालवणारा छोटा प्रोग्राम, जागाच करत नाही. निळी स्क्रीन येते आणि कॉम्प्युटर चालूच होत नाही. विंडोज नव्यानं टाकावं, तर रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर जाणार. ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. हे ऐकून सलीमभाईंचा चेहरा उतरला.

एक वाट होती. सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरतं, चालू होताना विंडोज समोरच्या ड्राइव्हचा ड्रायव्हर स्वतः शोधतं. त्याआधी मी सगळ्याची कॉपी काढायला घेतली. वेळ जात होता. माझी घालमेल आप्पांना दिसली असावी.

"पोरी, घाई करू नगंस," ते म्हणाले. "नीट कर. मी हितंच हाय."

कॉपी झाली. पुढच्या वेळी सेफ मोडमध्येच चालू हो, असं विंडोजला सांगितलं. रीस्टार्ट. बायोसमध्ये एएचसीआय केलं, सेव्ह केलं. स्क्रीन काळी झाली आणि काळीच राहिली.

"गेलं काय?" सलीमभाईंनी हळूच विचारलं.

मग कोपऱ्यात 'सेफ मोड' अशी अक्षरं उमटली आणि मी चक्क टाळी वाजवली. सेफ मोड काढून पुन्हा रीस्टार्ट केलं. सॉफ्टवेअर जसंच्या तसं!

डफ घुमला. पोवाडा शेवटच्या 'जी जी'पर्यंत सलग रेकॉर्ड झाला. आप्पांनी हेडफोन लावून सगळा ऐकला.

"असा हाय व्हय माझा आवाज?" ते म्हणाले.

ऑपरेशन नीट पार पडलं. वरची पट्टी मात्र गेली.

तेव्हापासून कुणालाही नवी एसएसडी बसवून दिली, की मी मोड त्याच दिवशी बघते. बदलायचा असेल तर आधी सेफ मोड, मग बायोस. उलटं केलं की निळी स्क्रीन ठरलेली.