शेळीला कळणारी हाक

मुलांनो, जनावरांना आपलं बोलणं कळतं का, असं तुम्ही फोनवर विचारलंत, तेव्हा मला भूमच्या आठवडी बाजारातली एक बाई आठवली. तिनं आपली दुभती शेळी एका शेतकऱ्याला विकली होती. तो तिला टेम्पोकडे दोरीनं ओढत होता आणि शेळी पाय रोवून उभी होती.

"ओढू नका भाऊ, हाक मारा," बाई म्हणाली. तिनं जिभेनं दोनदा 'टक टक' केलं आणि लांब 'येऽऽ' म्हटलं. शेळीनं लगेच कान वळवले.

"मला न्हाय जमायचं," तो लाजला.

"जमंल की! अनोळखी आवाजाला ती पान्हा चोरती. मग तुमी तिलाच बोल लावताल."

त्यानं पुन्हा पुन्हा हाक मारून पाहिली. "पाव्हणं, अजून गोड बोला!" बघणारे हसले. शेवटी शेळी त्याच्याकडे निघाली. बाईनं झटकन पदर तोंडात धरला.

"किती दिवस होती तुमच्याकडे?" मी विचारलं. तिनं हातानंच मला थांबवलं. शेळीला घेऊन टेम्पो वळणापलीकडे गेला, तेव्हा तिनं पदर सोडला.

"जन्मापासनं," ती म्हणाली. "म्या बोलले असते, तर माघारी आली असती."